बीबीए-बीसीए सीईटीतील इंग्रजीचे ४० गुण : मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने सराव कसा करावा

बारावी वाणिज्य शाखेतून उत्तीर्ण होऊन बीबीए, बीसीए, बीएमएस किंवा बीबीएम या व्यवस्थापन आणि संगणक विषयांच्या पदवी अभ्यासक्रमांना प्रवेश घ्यायचा असेल, तर २०२४ पासून राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची स्वतंत्र सीईटी द्यावी लागते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने हे अभ्यासक्रम २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आपल्या कक्षेत घेतले आणि त्यापाठोपाठ ही परीक्षा आली. मी पहिल्याच वर्षी ती दिली. त्या वेळी मागच्या वर्षाची प्रश्नपत्रिका नव्हती आणि अनुभव सांगणारा कोणी दादा किंवा ताईही नव्हती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला वाणिज्य आणि बोर्डात इंग्रजीला जेमतेम साठ गुण, अशी माझी पूर्वतयारी होती. पुढे दोन धाकट्या चुलत भावंडांची तयारी करून घेताना माझेच अनुभव पुन्हा तपासून पाहता आले. त्यांतून जे टिकले ते येथे क्रमाने मांडत आहे.

एक सूचना आधीच देतो. खाली इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहिली आहेत, कारण ती मोठ्याने वाचताना चूक कानाला लवकर खटकते. तुम्ही वहीत मात्र रोमन लिपीतच लिहा, नाहीतर स्पेलिंग कच्चे राहील.

१. बोर्डाचा पेपर आणि सीईटी यांतील फरक आधी ओळखा

प्रश्नपत्रिकेत १०० प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटांचा असतो. त्यांपैकी इंग्रजीचे ४०, तर्कक्षमतेचे ३०, सामान्य ज्ञानाचे १५ आणि संगणकाच्या मूलभूत माहितीचे १५ प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाला एक गुण असून चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. मी दिली तेव्हाची ही विभागणी आहे. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून ती पडताळून घ्या, कारण परीक्षेची रचना बदलण्याचा अधिकार परीक्षा कक्षाकडे असतो आणि कोचिंगवाल्यांच्या पत्रकांवर जुनी विभागणी वर्षानुवर्षे छापलेली राहते.

चाळीस टक्के गुण एकाच विषयाला आहेत, हे कळल्यावर पहिला विचार येतो तो असा की, आपण बारावीचे इंग्रजी केलेलेच आहे, तेवढे पुरेल. येथेच बहुतेकांची फसगत होते. बोर्डाच्या पेपरात ‘डू ॲज डायरेक्टेड’ हा प्रश्न असतो आणि त्यात काय करायचे ते कंसातच सांगितलेले असते. ‘नो सूनर दॅन’ वापरून लिहा, पॅसिव्ह करा, रिपोर्टेड स्पीच करा. नियम कोणता लावायचा हे परीक्षकानेच सांगून टाकलेले असल्यामुळे आपले काम तो लावण्यापुरतेच उरते. सीईटीत एक वाक्य चार तुकड्यांत समोर येते आणि चूक कोणत्या तुकड्यात आहे एवढेच विचारले जाते. ती काळाची आहे, शब्दयोगी अव्ययाची आहे की एकवचन-अनेकवचनाची, याचा थांगपत्ता कोणी देत नाही. त्यामुळे नियम पाठ असूनही तो कोठे लागू होतो हे ओळखता न आलेला विद्यार्थी गुण गमावतो. माझे पहिल्या सराव चाचणीत असेच झाले.

२. हाताशी काय ठेवावे

यादी लांब नाही, आणि ती लांब होऊ न देणे यातच अर्धे शहाणपण आहे.

- अकरावी आणि बारावीची बालभारतीची इंग्रजीची पाठ्यपुस्तके. ती घरात नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतात. उताऱ्यांच्या सरावासाठी यांतील गद्य धडे पुरेसे आहेत.
- व्याकरणाचे एकच पुस्तक, ज्यात प्रत्येक नियमाखाली सराववाक्ये आणि शेवटी उत्तरे असतील. दुसरे घेऊ नका.
- शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, ज्यात प्रत्येक शब्दाचे उदाहरणवाक्य असते. फक्त मराठी अर्थ देणारा कोश येथे अपुरा पडतो.
- दोनशे पानी एक वही. तिच्याविषयी चौथ्या टप्प्यात सविस्तर येईल.
- आठवड्यातून किमान दोनदा संगणक वापरण्याची सोय. घरी नसेल तर महाविद्यालयाची प्रयोगशाळा किंवा गावातले सायबर कॅफे चालेल. परीक्षा संगणकावर होते. मोबाइलवर सराव केलेल्याला माऊसने उतारा वरखाली सरकवताना जो वेळ लागतो, त्याचा अंदाज परीक्षेच्या दिवशीच येतो.

तालुक्याच्या गावी मी ज्या क्लासला गेलो होतो, तेथे पहिल्याच दिवशी हजारभर म्हणी-वाक्प्रचारांची झेरॉक्स हातात पडली आणि रोज पन्नास पाठ करून आणण्याचा आदेश मिळाला. तीन आठवडे मी तेच केले. व्याकरणाच्या एकाही वाक्याला त्या काळात हात लागला नाही, आणि परीक्षेत आलेला एकही वाक्प्रचार त्या यादीतला असल्याचे मला आठवत नाही. फी अर्थातच आगाऊ भरलेली होती.

३. अभ्यासाला हात लावण्याआधी एक चाचणी द्या

हा टप्पा विद्यार्थ्यांना पटत नाही. काहीच वाचलेले नसताना चाचणी देऊन काय कळणार, असे माझ्या भावानेही विचारले होते. इंग्रजीच्या बाबतीत मात्र तुम्ही बारा वर्षे वाचतच आला आहात आणि तुमच्या चुका आधीच पक्क्या झालेल्या आहेत. त्या कोणत्या हे कळल्याशिवाय व्याकरणाचे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतले, तर नामाचे प्रकार आणि विशेषणाचे प्रकार यांतच दोन आठवडे जातात, आणि त्यावर थेट प्रश्न जवळपास येतच नाही.

चाळीस प्रश्नांचा संच घ्या, तीस मिनिटांचा गजर लावा आणि सोडवा. जे उत्तर अंदाजाने दिले त्यापुढे पेन्सिलीने एक टिंब द्या. तपासताना चुकलेले प्रश्न आणि टिंब दिलेले प्रश्न दोन्ही वेगळे काढा, कारण अंदाजाने बरोबर आलेले उत्तर हे त्या दिवसापुरतेच तुमचे असते. मला पहिल्या वेळी ४० पैकी १७ गुण मिळाले आणि त्या १७ मधील सहा उत्तरांपुढे टिंब होते. म्हणजे खरा आकडा ११ होता. तो पाहून वाईट वाटले, परंतु पुढची सगळी दिशा त्या चाचणीनेच दिली.

४. चुकांची वही : कारण मराठीत शोधा

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात चुकीचे वाक्य, दुसऱ्यात बरोबर वाक्य आणि तिसऱ्यात ‘मी असे का लिहिले’ याचे उत्तर. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वजण रिकामा सोडतात. ‘निष्काळजीपणा’ किंवा ‘नियम माहीत नव्हता’ असे त्यात लिहू नका. चुकीच्या वाक्याचे मनात आलेले मराठी रूप लिहा. पंधरा-वीस चुका झाल्या की दिसू लागेल की, तुमच्या बहुतेक चुका ही मराठीची शुद्ध वाक्येच आहेत, फक्त शब्द इंग्रजी आहेत. माझ्या वहीतील काही नोंदी नमुन्यादाखल देतो.

‘पासून’ची चूक. ‘मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. ते मनात ठेवून मी लिहिले, ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स’. यात दोन चुका आहेत. मराठीत ‘२०२२ पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ चालतो, पण इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ आणि कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर’ येतो. शिवाय मराठीत येथे साधा वर्तमानकाळ चालतो आणि इंग्रजीला ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागते. तेव्हा वाक्यात ‘पासून’ दिसला की स्वतःला विचारा, उत्तर ‘केव्हा सुरू झाले’ याचे आहे की ‘किती काळ चालले’ याचे?

जोडीच्या अव्ययांची चूक. ‘जरी’ आला की मराठीत ‘तरी’ आल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम’ हे आपल्याला अजिबात खटकत नाही. इंग्रजीत ‘ऑल्दो’ असेल तर ‘बट’ नको. याच कुळातील आणखी एक चूक ‘जर-तर’ची आहे. आपण ‘पाऊस पडला तर सामना होणार नाही’ असे म्हणतो, म्हणजे पुढच्या गोष्टीसाठी ‘पडला’ हे भूतकाळी रूप वापरतो. इंग्रजीत तेथे साधा वर्तमानकाळ येतो, ‘इफ इट रेन्स’. ‘इफ इट रेन्ड’ किंवा ‘इफ इट विल रेन’ असे पर्याय परीक्षेत हमखास शेजारी ठेवलेले असतात.

विभक्तीची चूक. आपण पुण्या‘ला’ पोहोचतो, खोली‘त’ शिरतो, योजने‘वर’ चर्चा करतो आणि कोणाशी तरी लग्न करतो. ते प्रत्यय सोडवत नाहीत म्हणून ‘रीच्ड टु पुणे’, ‘एंटर्ड इन द रूम’, ‘डिस्कस्ड अबाउट द प्लॅन’ आणि ‘मॅरीड विथ’ अशी वाक्ये तयार होतात. चारही ठिकाणी इंग्रजी क्रियापदापुढे काहीच लागत नाही; फक्त ‘इज मॅरीड’ अशी रचना असेल तर पुढे ‘टु’ लागतो. ‘पेक्षा’चेही असेच आहे. सगळीकडे ‘दॅन’ लावण्याची सवय असते, पण सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर आणि प्रिफर यांच्यापुढे ‘टु’ येतो. ‘आय प्रिफर टी टु कॉफी.’

वचनाची चूक. मराठीत केस, पैसे आणि बातम्या अनेकवचनी आहेत, तर कात्री, चष्मा आणि विजार एकवचनी. इंग्रजीत नेमके उलटे होते. ‘हर हेअर इज ब्लॅक’, ‘द न्यूज इज गुड’, परंतु ‘माय स्पेक्टॅकल्स आर ब्रोकन’ आणि ‘द सिझर्स आर ऑन द टेबल’. ही सहा-सात नामे वहीच्या एकाच पानावर समोरासमोर लिहून ठेवली तर पुन्हा चुकत नाहीत.

‘आहे’ची चूक. ‘मला दोन भाऊ आहेत’ यातील ‘आहेत’ आपल्याला ‘ॲम’कडे ओढून नेतो आणि ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे वाक्य तोंडी बसते. मालकी, ज्ञान, आवड आणि समज दाखवणारी क्रियापदे सहसा चालू काळात येत नाहीत. ‘आय अंडरस्टँड’ एवढेच पुरे.

‘की’ची चूक. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ हे वाक्य मराठीत अत्यंत स्वाभाविक आहे. बोलणाऱ्याचा ‘मी’ आणि त्याचा भविष्यकाळ आपण जसाच्या तसा ठेवतो. इंग्रजी ‘दॅट’नंतर सर्वनाम, काळ आणि दिवस तिन्ही बदलते : ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’. रिपोर्टेड स्पीचचे कोष्टक पाठ करण्यापेक्षा ‘की’ दिसताच या तीन जागी बोट ठेवून पाहण्याची सवय लावणे मला अधिक उपयोगी पडले.

सगळ्याच चुकांचा दोष मातृभाषेवर टाकू नये, हेही वहीनेच शिकवले. ‘डू यू नो व्हेअर इज ही?’ ही चूक घ्या. ‘तो कुठे आहे हे तुला माहीत आहे का?’ या मराठी वाक्यात कर्ता ‘तो’ आधीच येतो, आणि तोच क्रम इंग्रजीतही बरोबर आहे : ‘व्हेअर ही इज’. आपण चुकतो ते पहिलीपासून घोकलेल्या ‘व्हेअर इज’मुळे. अशा ठिकाणी मराठीत विचार केलेला बरा.

५. कर्ता आणि क्रियापद : येथे सर्वाधिक वेळ द्या

चूक शोधण्याच्या प्रश्नांत सर्वाधिक सापळे याच प्रकारात असतात, असे माझे सरावानंतरचे मत आहे, आणि हा प्रकार मराठी विद्यार्थ्याला सोपाही जाऊ शकतो व अवघडही. दोन्ही बाजू पाहू.

सोपी बाजू अशी. ‘द बॉक्स ऑफ मँगोज’ याच्यापुढे ‘हॅज’ की ‘हॅव’? क्रियापदाच्या अगदी शेजारी ‘मँगोज’ हे अनेकवचन बसलेले असल्यामुळे हात ‘हॅव’कडे जातो. आता तेच मराठीत म्हणा : ‘आंब्यांची पेटी आली’. ‘आंब्यांची पेटी आले’ असे कोणी म्हणेल काय? मराठीत मुख्य नाम गटाच्या शेवटी, क्रियापदाच्या जवळ येते, म्हणून चूक होतच नाही. इंग्रजीत ते गटाच्या सुरुवातीला जाते आणि मधे दुसरेच नाम घुसते. तेव्हा लांबलचक कर्ता दिसला की त्याचे मनात मराठी करा आणि शेवटचा शब्द पकडा. ‘द लिस्ट ऑफ द स्टुडंट्स हू वेअर सिलेक्टेड इन द फर्स्ट राउंड’ म्हणजे ‘पहिल्या फेरीत निवड झालेल्या विद्यार्थ्यांची यादी’. शेवटचा शब्द यादी, म्हणून ‘इज’. हीच युक्ती ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’लाही लागू पडते. ‘माझ्या मित्रांपैकी एक’ असेच आपण म्हणतो, ‘मित्रापैकी एक’ असे म्हणत नाही, म्हणून ‘फ्रेंड्स’ अनेकवचनी आणि क्रियापद ‘एक’साठी, म्हणजे एकवचनी.

अवघड बाजू ‘ने’ची आहे. ‘मुलीने पोळी खाल्ली’, ‘मुलीने आंबे खाल्ले’. भूतकाळात मराठीचे क्रियापद कर्त्याला सोडून कर्माशी जुळते. साध्या भूतकाळात इंग्रजीचे ‘एट’ बदलत नाही म्हणून तेथे निभावते, परंतु ‘मुलीने आंबे खाल्ले आहेत’ असे झाले की ‘आहेत’ हे अनेकवचन कानात घुमते आणि ‘द गर्ल हॅव ईटन द मँगोज’ हे वाक्य बरोबर वाटू लागते. इंग्रजीत कर्म कितीही असोत, ‘हॅज’ हे मुलीसाठीच आहे. माझ्या भावाच्या वहीत ही एकच चूक अकरा वेळा सापडली. कारण कळल्यानंतरच ती थांबली.

उरलेले दोन नियम मराठीच्या मदतीविना पाठच करावे लागतात. ‘ॲज वेल ॲज’ किंवा ‘अलाँग विथ’ असेल तर क्रियापद पहिल्या कर्त्याप्रमाणे : ‘द प्रिन्सिपल, ॲज वेल ॲज द टीचर्स, इज प्रेझेंट’. आणि ‘आयदर-ऑर’, ‘नीदर-नॉर’ असेल तर जवळच्या कर्त्याप्रमाणे : ‘नीदर द प्रिन्सिपल नॉर द टीचर्स आर प्रेझेंट’. दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहा, कारण प्रश्नात यांचीच अदलाबदल करतात.

६. अ, ॲन आणि द

मराठीत आर्टिकल नाही, म्हणून हा भाग नशिबावर सोडण्याची प्रथा आहे. ती सोडा, कारण यातील निम्मे काम देवनागरीच करून देते.

‘अ’ की ‘ॲन’ हे इंग्रजी अक्षरावर ठरत नाही, उच्चारावर ठरते. शब्द देवनागरीत लिहून पाहा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’ आणि व्यंजन असेल तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट, एमबीए, एफआयआर हे सगळे स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, युनिफॉर्म यांच्या सुरुवातीला य आहे आणि ‘वन-वे रोड’मध्ये व आहे, म्हणून ‘अ’. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना स्पेलिंग डोळ्यांपुढून हलत नाही आणि ती ‘ॲन युनिव्हर्सिटी’ लिहून बसतात. आपल्याला हा फायदा आयता मिळालेला आहे. एकच खबरदारी घ्या : वर्ष या अर्थाचा शब्द आपण सवयीने ‘इयर’ असा लिहितो, पण त्याचा खरा उच्चार य-ने सुरू होतो, म्हणून ‘अ यीअर’. कान या अर्थाचा ‘इअर’ मात्र ‘ॲन’ घेतो.

‘द’साठी कहाणी आठवा. ‘आटपाट नगर होते. तेथे एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्यांदा ‘एक राजा’, दुसऱ्यांदा ‘त्या राजाला’. जेथे मराठीत ‘एक’ खपतो तेथे बहुधा ‘अ’ येतो आणि जेथे ‘तो’, ‘ती’, ‘त्या’ खपते तेथे ‘द’. सगळेच प्रश्न याने सुटत नाहीत. नद्या, समुद्र, पर्वतरांगा यांच्यापूर्वी ‘द’ येतो आणि एकट्या शिखरापूर्वी येत नाही, असे काही संकेत वेगळे लक्षात ठेवावे लागतात : ‘द गोदावरी’, ‘द हिमालयाज’, पण ‘माउंट एव्हरेस्ट’. कहाणीची ही युक्ती वाक्यांचा क्रम लावण्याच्या प्रश्नातही कामी येते. ज्या वाक्यात ‘अ फार्मर’ आहे ते ‘द फार्मर’च्या वाक्याआधी आले पाहिजे, आणि ‘ही’, ‘दिस’, ‘हाउएव्हर’ यांनी सुरू होणारे वाक्य बहुधा पहिले नसते. एवढ्यावरच चारपैकी दोन पर्याय गळून पडतात.

७. शब्दसंग्रह : रोज दहा, पण वाक्यासकट

याद्यांविषयीचे माझे मत वर आलेच आहे. शब्द वाचनातून उचलावा, कोशात पाहावा आणि ज्या वाक्यात भेटला ते वाक्यच वहीत उतरवावे. रोज दहापेक्षा जास्त घेतले तर पंधराव्या दिवशी त्यांतले तीन आठवतात.

फ्रेझल व्हर्बची भीती घालवण्यासाठी आपल्याच क्रियापदांकडे पाहा. ‘करून पाहिले’, ‘करून टाकले’ आणि ‘करून बसलो’ यांत ‘करणे’ तेच आहे, पण शेवटच्या शब्दाने अर्थ पार बदलतो. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, ही तशीच घडण आहे. पुट, गेट, टेक, कॉल, ब्रेक आणि लुक या सहा क्रियापदांची कुटुंबे आधी करा.

रोजच्या मराठीत मिसळलेले इंग्रजी शब्द वेगळे तपासून घ्या. आपल्याकडे हॉटेल म्हणजे मिसळ खाण्याची जागा आणि मिसेस म्हणजे बायको. ‘कझिन ब्रदर’ आपण बिनदिक्कत म्हणतो, इंग्रजीत नुसते ‘कझिन’ पुरते. ‘परत रिटर्न केले’ ही आपली बोली ‘रिटर्न बॅक’ आणि ‘रिपीट अगेन’ अशी इंग्रजीत उतरते, आणि अशी द्विरुक्ती पकडायला लावणारे प्रश्न असतात.

८. उतारा

शंभर प्रश्नांना ९० मिनिटे म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. इंग्रजीचे सुटे प्रश्न तीस सेकंदांत व्हायला हवेत, तरच उताऱ्याला वेळ उरतो. मी आधी प्रश्न वाचतो, पर्याय वाचत नाही, आणि मग उतारा एकदाच सलग वाचतो. पर्याय आधी वाचले तर त्यातील चुकीची विधानेही डोक्यात बसतात आणि उताऱ्यात ती ‘दिसू’ लागतात.

ज्या पर्यायात ऑलवेज, नेव्हर किंवा ओन्ली असा टोकाचा शब्द आहे, तो निवडण्याआधी उताऱ्यात तसाच ठाम शब्द आहे का ते शोधा. तसेच जे विधान जगात खरे आहे पण उताऱ्यात नाही, ते उत्तर नव्हे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना अर्थव्यवस्थेवरचा उतारा आला की हा मोह फार होतो.

९. दीड महिन्याची आखणी

बोर्डाचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपल्यानंतर हाती साधारण सहा-सात आठवडे राहतात. पहिले दोन आठवडे फक्त चुकांची वही आणि पाचवा टप्पा. पुढचे दोन आर्टिकल, काळ, विभक्ती आणि रोजचे दहा शब्द, सोबत दिवसाआड एक उतारा. त्यानंतर दर दुसऱ्या दिवशी संगणकावर पूर्ण १०० प्रश्नांची चाचणी द्या, कारण तर्कक्षमतेने थकलेल्या डोक्याने इंग्रजी सोडवणे ही वेगळीच गोष्ट आहे. चाचणी दिली आणि वही भरली नाही, तर ती दिलीच नाही असे समजा.

१०. परीक्षेचा दिवस

हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र आदल्या रात्रीच एका पिशवीत ठेवा. हॉल तिकिटावरील नाव ओळखपत्रावरील नावाशी जुळते का हे मात्र अर्ज भरतानाच पाहायचे असते. वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षरात, असा घोळ फार जणांचा असतो आणि तो प्रवेशफेरीत कागदपत्रे तपासताना पुन्हा डोके वर काढतो.

संगणकासमोर बसल्यावर इंग्रजीचे सुटे प्रश्न आधी संपवा आणि उतारे नंतर घ्या. एखाद्या प्रश्नावर चाळीस सेकंदांहून अधिक अडकलात तर एक पर्याय निवडून खूण करा आणि पुढे चला. गुण वजा होत नसल्यामुळे शेवटची पाच मिनिटे राहिली की उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर द्या, एकही रिकामा ठेवू नका. मी पहिल्या वर्षी दोन प्रश्न ‘नंतर पाहू’ म्हणून सोडले होते आणि वेळ संपून पडदा आपोआप बंद झाला.

आदल्या दिवशी नवे काही वाचू नका. वही उघडा, पहिले दोन रकाने हाताने झाका आणि फक्त तिसरा वाचत जा : ‘पासून’, ‘जरी-तरी’, ‘पेटी’, ‘ने’, ‘की’. प्रत्येक शब्दाला बरोबर इंग्रजी वाक्य तोंडी सांगता आले की वही मिटून झोपा.